पाहुण्यांसाठी सतरा अंश

गॅसबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं गल्लीत आता कुणी उरलेलं नाही. फ्रिजमध्ये गॅस भरणाऱ्या बाई म्हणून गॅसबाई. कुणीतरी चिडवायला ठेवलेलं हे नाव बाईंनी इतक्या खुशीने घेतलं की ठेवणाऱ्याचाच हिरमोड झाला. पस्तीस वर्षं त्या एकाच जागेत फ्रिज दुरुस्त करतात. पुढे दुकान, पडद्यामागे बिऱ्हाड. दुकानात कधीही सहा-सात फ्रिज दारं उघडी टाकून उभे असतात, दंतवैद्याकडे आ वासून बसलेल्या माणसांसारखे.

दुरुस्त झालेला फ्रिज बाई लगेच देत नाहीत. त्यात पाण्याने भरलेला डबा ठेवायचा, पाण्यात थर्मामीटर सोडायचा आणि तीन दिवस बघत राहायचं, हा त्यांचा नेम. गिऱ्हाईक कितीही घाईला आलं तरी तीन दिवस म्हणजे तीन दिवस. "हवा लवकर गार होते, लवकर फसवते," त्या म्हणतात. "पाणी खोटं बोलत नाही."

आणि त्यांचा जीव सांध्यात. तांब्याच्या दोन नळ्यांची टोकं ज्योतीवर अशी जुळवायची की बोट फिरवलं तर एकच नळी वाटावी. शिकाऊ होत्या तेव्हा उस्तादाने दोन वर्षं त्यांना नुसती टोकं घासायला लावली होती. पोरगी कंटाळून जाईल, हा त्याचा हिशेब. पोरगी गेली नाही. तिसऱ्या वर्षी उस्ताद अवघड सांधा आला की "तिला बोलवा" म्हणू लागला. फ्रिजच्या पाठीमागचा सांधा बघतंय कोण, असं कुणी म्हटलं की बाईंचं उत्तर ठरलेलं: "मी बघते ना."

उन्हाळा तोंडावर असताना त्यांची भाची, धाकट्या भावाची मुलगी, एक काचेची पेटी रिक्षात घालून त्यांच्या दारात उभी राहिली.

"आत्या, दोन महिने सांभाळशील? मला ट्रेनिंगला जायचंय, आणि आमच्या घरी वरच्या मजल्यावर नुसती भट्टी असते."

बाईंनी डोळ्यांना चष्मा लावला. पेटीत वीतभर लांबीचा, फिक्या गुलाबी रंगाचा एक प्राणी तळाशी बसला होता. पालीला शोभतील असे चार पाय, माशाला शोभेल अशी शेपटी. मानेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन लालसर पिसं पाण्यात हलत होती आणि रुंद तोंडावर हसू होतं.

"हे काय गं? कच्चंच बाहेर काढलंय का?"

"ॲक्सोलॉटल म्हणतात त्याला. असाच राहतो तो. म्हातारा झाला तरी पोरपण जात नाही."

"म्हणजे तुझ्या बापासारखा."

भाची हसली, पण लगेच गंभीर झाली. पिसं म्हणजे त्याचे कल्ले. खायला दिवसाआड गांडूळ. नळाचं पाणी थेट घालायचं नाही, त्यातलं औषध त्याला बाधतं. उघड्यावर ठेवून शिळं केलेलंच घालायचं. "आणि मुख्य म्हणजे पाणी अठराच्या आसपास हवं. विसाच्या वर गेलं की त्याला सोसत नाही. पंचविसाच्या वर बरेच दिवस राहिलं तर…" चार वर्षांपूर्वी बोटाएवढं पिल्लू असताना तिने त्याला आणलं होतं.

"थंडीच ना?" बाई म्हणाल्या. "पस्तीस वर्षं मी दुसरं केलंय काय? जा तू निवांत."

बोलून तर गेल्या.

पहिले दहा दिवस भाचीने सांगितलेला उपाय चालला. बाटल्यांत पाणी भरून त्यांचा बर्फ करायचा आणि एकेक बाटली पेटीत सोडायची. बाईंना ते मनातून पटत नव्हतं. ताप उतरत नाही म्हणून कपाळावर पट्ट्या ठेवत बसण्यासारखं ते. बाटली असेपर्यंत पाणी सोळा, बाटली वितळली की बावीस. हा काय कारभार झाला? त्यांनी पेटीच्या तोंडावर ओलं फडकं अंथरलं, वर पंखा लावला. तीन-चार अंश उतरले. पण ऊन चढत होतं. दुकानाचा पत्रा सकाळी दहालाच तडतडायला लागे, आणि एके दुपारी पेटीतलं पाणी सव्वीस झालं.

"पाहुणे, जेवायचं नाही का?" बाईंनी चिमट्यात गांडूळ धरून विचारलं. त्या त्याला पाहुणेच म्हणत. पाहुण्यांनी तोंड फिरवलं. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलं होतं. एरवी मागे फुललेली पिसं पुढे झुकली होती. हसू मात्र तसंच होतं, आणि तेच बाईंना बघवेना. दुखत असताना हसणारी माणसं त्यांनी पाहिली होती; त्यांचं निदान नेहमी उशिरा होतं.

त्या उठल्या. एका भंगारातल्या छोट्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढला. कपाटाच्या तळातून जपून ठेवलेली नवी कोरी तांब्याची नळी काढली, ती मोठ्या कुंडीभोवती गुंडाळून चौदा वेढ्यांची कॉइल वळवली. दीड दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. कॉइल पेटीतच बुडवायची, आतून गॅस फिरवायचा, पाणी थेट थंड. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता त्यांनी ती पाण्यात उतरवली. तीन वाजता काटा अठरावर होता. पाण्याखाली ती कॉइल दागिन्यासारखी झळकत होती. असं काम आयुष्यात दोन-तीनदाच होतं, हे करणाऱ्याला कळतं. बाईंनी फोटो काढून भाचीला पाठवला.

मिनिटभरात फोन वाजला.

"आत्या, तो पाइप कशाचा आहे?"

"कशाचा म्हणजे? तांब्याचा. एक नंबर माल. सांधे बघितलेस? भिंग लावून शोध, सापडायचे नाहीत."

"आत्या, त्याला बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता. तांबं पाण्यात उतरतं. त्याची कातडी पातळ असते गं, थेट अंगात जातं. विष आहे ते त्याला!"

"अगं, जगातले सगळे फ्रिज तांब्यावर…" असं तोंड म्हणत होतं, तोवर बाईंचा हात पेटीत गेला होता.

पाहुणे ओंजळीत आले. इतके मऊ, की धरलंय की नाही ते कळेना. आता ठेवायचं कुठे? शिळ्या पाण्याचे चार कॅन होते, पण ते तापून तीस अंशांवर गेलेले. स्वच्छ, शिळं आणि गार पाणी हवं होतं, आणि ते या घटकेला हवं होतं.

बाईंची नजर गल्लीतल्या शिंपीदादांच्या फ्रिजवर गेली. दुरुस्त होऊन चाचणीवर होता तो. आत दोन दिवसांचा पाण्याचा डबा, थर्मामीटरसकट. आठ अंश. त्यांनी डब्यातलं अर्धं पाणी काढलं, कॅनमधलं घातलं, एकोणीस झालं. पाहुण्यांना आत सोडलं, झाकणाला भोकं पाडली, फ्रिजचा खटका कमी थंडीवर फिरवला आणि डबा परत आत ठेवला. हळूहळू गार होऊ दे.

मग त्या स्टुलावर बसल्या. फोन अजून चालूच होता.

"आत्या? आहेस ना?"

"आहे. चूक झाली माझी."

"तुला कसं माहीत असणार?"

"विचारायला हवं होतं. मला वाटलं, थंडीतलं मला सगळं कळतं." फ्रिजकडे बघत त्या म्हणाल्या, "तो जगेल ना?"

"तीनच तास झालेत. रोज पाणी बदल. बघू."

ती कॉइल बाईंनी मोडीत टाकली नाही, लपवलीही नाही. दारासमोरच्या खुंटीला टांगली. कुणी "वा, काय काम आहे!" म्हटलं की त्या सांगत, "काम चांगलं आहे. जागा चुकली. जीव घेतला असता तिने." चूक दुसऱ्याने सांगण्याआधी आपण सांगावी, म्हणजे ती आपल्या मापाची राहते, असं त्यांचं मत.

दुसऱ्या दिवशी शिंपीदादा हातगाडी घेऊन फ्रिज न्यायला आले. बाई मागे चहा टाकत होत्या. दादांनी हौसेने फ्रिजचं दार उघडलं, डब्याचं झाकण उचललं, आणि दोन पावलं मागे सरले.

"बाई! अहो बाई! माझ्या फ्रिजमध्ये कुणीतरी हसतंय!"

"झाकण लावा आधी, गारवा जातोय!"

चहा पिता पिता सगळं सांगून झालं. शिंपीदादांनी बशी खाली ठेवली. "सगळं खरं. पण फ्रिज मला आज न्यायचा होता. घरी बायको वाट बघतेय, तिला काय सांगू?"

"सांगा, चाचणी चाललीय."

"तीन दिवस म्हणाला होतात ना?"

"दादा, पाण्याच्या डब्यावर मी तीन दिवसांची खात्री देते. इथे जिवंत जीव ठेवलाय आत. हा तगला तर तुमच्या फ्रिजची खात्री मी जन्माची देईन."

शिंपीदादा रिकामी हातगाडी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. म्हणायला फ्रिज बघायला, पण आल्या आल्या विचारलं, "आज पिसं कशी आहेत?" तिसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आले. तिने डब्यात डोकावून बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "असू दे इथेच. माझी भाजी काय, शेजारणीकडे राहील."

इकडे बाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली होती. थंडी तांब्याशिवाय होणार नाही; पण पाणी तांब्याला शिवता कामा नये. म्हणजे मध्ये भिंत हवी. रात्रंदिवस तेच डोक्यात. उत्तर सापडलं ते शाळेतून भंगारात निघालेल्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये. असले कूलर त्यांनी शंभर वेळा उघडले असतील, पण आतापर्यंत कॉइलच बघितली होती, टाकी बघितली नव्हती. आत अखंड स्टीलची टाकी, आणि तांब्याची नळी तिला बाहेरून कवटाळून बसलेली. थंडी आत येते, तांबं बाहेरच राहतं.

त्यांनी टाकी घासली, उकळत्या पाण्याने तीनदा धुतली. पितळेतही तांबं असतं, म्हणून पितळी तोटी काढून तिथे प्लॅस्टिकची बसवली. खटका सतरावर थांबेल असा जुळवला. त्यासाठी दोन दिवस नुसता स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत बसल्या. पेटीतून टाकीत आणि टाकीतून पेटीत पाणी फिरवायला लहानसा पंप लावला, मऊ पारदर्शक नळ्या जोडल्या. काचेची पेटी रिकामी करून घासून नव्या पाण्याने भरली. आणि या वेळी स्वतःवरही विश्वास ठेवला नाही. पाणी तीन दिवस फिरवून बाटलीभर माशांच्या दुकानात नेलं. दुकानदाराकडे तांबं ओळखायचे थेंब होते. जुन्या कॉइलच्या पाण्याची बाटलीही त्यांनी राखून ठेवली होती. त्यात थेंब पडताच रंग चढला. बाईंनी मान वळवली नाही, बघून घेतलं. दुसऱ्या बाटलीत थेंब पडला आणि पाणी होतं तसंच राहिलं.

"काही नाही यात," दुकानदार म्हणाला. "कुणी बनवलं मशीन?"

"मी."

फ्रिजमध्ये गेल्यापासून नवव्या दिवशी पाहुणे काचेच्या पेटीत परतले. बाहेर बेचाळीस अंश होते. गल्लीत कुत्रंही सावली सोडून हलत नव्हतं. काटा सतरावर होता. बाई चिमट्यात गांडूळ धरून बसल्या. पाच मिनिटं. दहा. पाहुणे तळाशी दगडासारखे. मग शेपटी एकदा हलली, मान वळली, आणि बाईंना नीट दिसायच्या आत गांडूळ गायब झालं होतं. पिसं मागे फुलली. बाईंनी चिमटा खाली ठेवला आणि पदराने चष्मा पुसला. मग दुसरं गांडूळ घेतलं. तेही गेलं.

संध्याकाळी शिंपीदादांचा फ्रिज गाडीवर चढला. गल्लीतली निम्मी माणसं हात लावायला होती.

दोन महिन्यांनी भाची आली ती हातात मोठा खोका घेऊनच. ऊन अजून ओसरलं नव्हतं. पेटीपुढे गुडघे टेकून तिने पाहुण्यांना बघितलं, कल्ले बघितले, शेपटी बघितली. वजन केलं, तर चौदा ग्रॅम वाढलेलं. शेजारी स्टीलचा कूलर संथपणे घुमत होता. बराच वेळ तिचा हात काचेवर टेकलेला राहिला.

"यात काय आहे?" बाईंनी खोक्याकडे बोट दाखवलं.

"मशीन. पाणी थंड करायचं, खास अशा टाक्यांसाठीचं. मला वाटलं, तुला किती त्रास…"

"उघड की. बघू तरी."

बाईंनी ते मशीन मांडीवर घेतलं. झाकण काढून आत डोकावल्या, नळीवरून बोट फिरवलं. "चांगलं केलंय," त्या म्हणाल्या, आणि ते मनापासून होतं. "सांधे स्वच्छ आहेत. करणाऱ्याचा हात बसलेला आहे." मग माहितीचा कागद उलगडून त्या शेवटपर्यंत वाचत गेल्या, ओठ हलवत. एका ओळीवर बोट थांबलं.

"हे वाच. मोठ्याने वाच."

भाचीने वाचलं, "खोलीचं तापमान पस्तीसच्या वर असल्यास पाणी थंड होण्याची जबाबदारी कंपनी घेत नाही."

बाईंनी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे पाहिलं. दुकानात एकोणचाळीस होते. पेटीत सतरा.

"ठेव खोक्यात," त्या मशीनचं झाकण हलक्या हाताने बसवत म्हणाल्या. "पावसाळ्यात वापर. तोवर पाहुणे इथेच राहू देत."

"आणि इथे जबाबदारी कोण घेतं?" भाचीने हसत विचारलं.

बाईंनी पेटीवरचं फडकं सरळ केलं. "मी घेतलीय ना," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.