मानेवरची गाठ आणि देवीचा दोरा

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या मानेच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आली. ती दुखत नव्हती, म्हणूनच भीती वाटायची. आदल्या वर्षी माझे काका अशाच न दुखणाऱ्या गाठीनं गेले होते. कॅन्सर हा शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं. आईनं अंबडच्या देवीचा दोरा माझ्या गळ्यात बांधला आणि बजावलं, गाठ जाईपर्यंत हा अंगावेगळा करायचा नाही. मी रोज देवीला विनवायचो आणि दिवसभर गाठ चाचपायचो. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. बदनापूरहून जालन्याला यायचो, वर्गात बसायचो, पण आता शिकून कुणासाठी, हेच मनात असायचं.

डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितली. तिथं बाकावर सगळ्या गरोदर बायका. सुनेला घेऊन आलेल्या एका वयस्कर बाईंनी मला विचारलं, "तुला कितवा महिना रं?" सगळ्या हसल्या. मी मानेवरची गाठ दाखवली, तशी त्या बाईंनी सरकून मला बाकावर जागा दिली.

माझा नंबर आला. दारातल्या नर्सनं दोरा काढायला सांगितला. आईचं बजावणं मी कसंबसं सांगितलं, पण खरं तर मला निकालच ऐकायचा नव्हता. मी परत फिरलो. तेव्हा त्या वयस्कर बाई उठल्या. त्यांच्या गळ्यात बुद्धाचं लॉकेट होतं.

"मी देवीला मानत न्हाई बाबा, पण तुझ्या आईला मानते. माझ्या मनगटाला बांध. मंग कुणाच्या तरी अंगावरच राह्यला ना?"

मी बांधला आणि आत जाऊन टेबलावर पडलो. त्या वेळी विनवायलाही काही सुचलं नाही. सगळं सोडून दिल्यासारखं झालं होतं. डॉक्टरांनी पडद्यावरचा काळा गोल दाखवला. म्हणाले, "हे काळं म्हणजे पाणी. जन्मापासून राहून गेलेली पिशवी आता भरली आहे. साधी गाठ वाटते." पुढे सुईच्या तपासणीतही तेच निघालं आणि औरंगाबादला ऑपरेशन झालं.

पण त्या दिवशी बाहेर येताच मला रडू फुटलं. बाईंना वाटलं, वाईटच निघालं. त्यांनी काही न विचारता मला जवळ घेतलं. साधी गाठ आहे, हे सांगायलाही मला बराच वेळ लागला. मग त्यांनी मनगटावरचा दोरा सोडून परत माझ्या गळ्यात बांधला.

यात देवीनं काय केलं, हे ठरवणारा मी कोण? माझं बळ संपलं तेव्हा कुणीतरी मला धरलं, एवढं मात्र खरं. तेव्हापासून देवीपुढे माझं मागणं कमी झालं आहे. हात जोडतो आणि नुसता उभा राहतो.