ट्रकच्या रांगेत तपासलेलं पान

तुमच्या आईने नोकरी सोडून घरी वेबसाइटची कामं सुरू केली, तेव्हा तुम्ही दोघं जन्मलाही नव्हतात. पहिलं काम कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचं. न्हावा शेवा बंदरात कंटेनर नेणाऱ्या ड्रायव्हरांना आपला नंबर कधी लागणार, हे फोनवर दिसायला हवं होतं. सोमवारी पान दाखवायचं. पसंत पडलं तर वर्षभराचं काम, नाहीतर पुन्हा नोकरी शोधायची.

वेबसाइट कुणी अगदी पहिल्यापासून लिहीत नाही, फ्रेमवर्क नावाचा तयार सांगाडा घेतात. तिने एकच पान दोन फ्रेमवर्कमध्ये लिहिलं आणि दोन्हींचा कोड छापून मला दिला. "आई, तुला न सांगता कळेल तो चांगला."

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण इंग्रजी वाचता येत होतं. पहिल्यात नावं सरळ, प्रत्येक गोष्ट आपल्या जागी. दुसऱ्यात एकच काम तीन ठिकाणी लिहिलेलं. मी पहिल्यावर लाल पेनने बरोबरची खूण केली. मग वेग. पान उघडेपर्यंत मी तेराचा पाढा म्हणायचे. घरच्या ब्रॉडबँडवर दोन्ही 'तेर दुणे'च्या आत उघडली.

ड्रायव्हरांकडे ब्रॉडबँड कुठलं, हे शनिवारी लक्षात आलं. तशाच रिक्षाने बंदराच्या रस्त्याला गेलो. रांगेत चहा पीत बसलेल्या एका ड्रायव्हरने फोन दिला. पहिलं पान लावलं. माझा पाढा संपला तरी पांढरंच.

"बाय, कोरं हाय. माजा नेटपॅक संपला वाटतं," म्हणत त्याने फोन खिशात टाकला.

"अहो काका, थांबा, येतंय!" तुमची आई म्हणाली.

"रांग हलली तं तुजं पान बगू का गाडी काढू?"

कसंबसं दुसरं लावलं. 'तेर पाचे'ला उघडलं.

परतताना ती म्हणाली, "खूण केलीस ना, तेच मलाही आवडलं होतं." मी तिचा हात धरून म्हटलं, "सांगाडा दुसऱ्या पानाचा घे, लवकर उघडणारा. आतली टापटीप तर तुझ्याच हातात आहे."

रविवारभर ती लिहीत होती, मी शेजारी बसून वाचत होते. मी अडखळले की ती नाव बदलायची. तीन ठिकाणचं एका ठिकाणी आणलं.

सोमवारी दुपारी कळंबोलीहून तिचा फोन आला. "आई, मिळालं! पण त्यांनी विचारलं, उद्या तू नसलीस तर हा कोड कोणाला कळणार?"

"मग?"

"म्हटलं, माझ्या आईलाही कळतो."