आईने दाखवलेली जागा

भाताच्या बांधावरून आई घसरली आणि तिचा उजवा पाय चमकला. त्या वर्षीची लावणी तिने तशीच रेटली. पुढे मांडी मोडून उठताना आत काहीतरी कट् वाजायला लागलं, आणि बेडसे गावाहून आमच्या दवाखान्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिला एवढंच हवं होतं, पुढच्या लावणीला बायकांच्या ओळीत उभं राहायचं.

प्रत्येक डॉक्टर विचारायचा, "कुठं दुखतं?" आई मागे हात नेऊन कंबर दाखवायची. मग कंबरेचा एक्स-रे, कंबरेचा पट्टा, कंबरेला शेक. बाबा तो पट्टा इतक्या निष्ठेने आवळायचे की आईला जेवण जाईना. फरक शून्य. मी वैतागून तिच्यावरच चिडायचे.

दुसरी लावणीही हुकल्यावर लोणावळ्यात एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी आईला झोपवून गुडघा पोटाशी दुमडला आणि पाय आत वळवला. आईने माझं मनगट असं धरलं की काचेची बांगडी पिचली. बाबा बाहेर होते. दार बंद आहे ना हे बघून तिने जांघेवर मूठ ठेवली.

"हितं. पयल्यापासनं हितंच."

"मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"गडी मानसाला जांघ दावू व्हय? आन तुजं बाबा शेजारी हुबं."

"मला तरी सांगायचंस."

"तू लगीच डॉक्टरला सांगितलं असतंस."

सांगितलंच असतं.

एमआरआय झाला. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. खुब्याच्या वाटीला काठाने रबरासारखी गादी असते, ती फाटली होती. तेवढंच असतं तर दुर्बिणीतून शिवली असती. पण शेजारची कूर्चा, म्हणजे हाडावरचा गुळगुळीत थर, पार झिजला होता, आणि तो परत भरून येत नाही. आता शिवून उपयोग नाही, लवकर यायला हवं होतं, असं ते म्हणाले. खाली बसायचं नाही, चिखलात वाकायचं नाही. दुखलं तर इंजेक्शन, पुढेमागे सांधा बदलायचा. बाबा नुसते "व्हय, व्हय" करत होते.

परतताना गाडीत आईने विचारलं, "आदी दावलं असतं, तर शिवता आलं असतं का गं?"

"नाही," मी म्हणाले. "काही फरक पडला नसता."

"खोटं बोलू नको," ती म्हणाली. "मी बी तितंच बसले व्हते."