रोह्याचा बंब

यंदा थंडीने पायच काढला नाही. होळी तोंडावर आली तरी पेणमध्ये सकाळी नळाचं पाणी हाताला झोंबायचं. त्यात सिलिंडर महागला, पाठोपाठ पेट्रोल. आमचा गीझर गॅसवरचा, म्हणून मी घरात माणशी एका बादलीचा कायदा केला. नवऱ्याने कुरकुर केली, मी ऐकून घेतली नाही. ऊन उशिरा चढत असल्याने शेजारणीचे पापड गच्चीवर वाळता वाळत नव्हते. तिळपापड होत होता तो माझ्या अंगाचा, आणि त्याचं कारण रोह्याला होतं.

रोह्याला माझी धाकटी जाऊ राहते. दीर धाटावला कंपनीत आहेत. जुनं घर विकलं तेव्हा भांड्यांच्या वाटणीत पाणी तापवायचा तांब्याचा बंब तिच्याकडे गेला. फ्लॅटमध्ये बंब कुठे पेटवू म्हणून मीच तेव्हा नाक मुरडलं होतं. आता तिच्या परसात करवंट्या आणि ढलप्यांवर तो पहाटेपासून पेटलेला. बाईला सिलिंडरची फिकीर नाही की गीझरची. कढत पाणी, तेही फुकटात.

सासूबाई दिवाळीपासून तिच्याकडे आणि संक्रांतीपासून आमच्याकडे, असं कधीचं ठरलेलं. यंदा संक्रांत गेली तरी त्या आल्या नाहीत. फोन केला की म्हणायच्या, "थंडी हाय गो अजून. बंबाच्या पाण्यान गुडघं मोकळं व्हतात." मागून जावेची हाक यायची, "आई, पाणी काढलंय." त्यावर सासूबाईंचं लगेच, "आले गो बाय." मला त्यांनी कधी बाय म्हटल्याचं आठवत नाही.

मी जळत होते, सरळ सांगते. मला त्या हव्या होत्या. दुपारी समोर बसून वाल सोलता सोलता साऱ्या नातेवाइकांची उणीदुणी काढावीत, असं दुसरं माणूस मला नाही. पण तोंडाने मी हे कधी बोलले नाही. तोंडात कायम बंब. तिला काय, तिच्याकडे बंब आहे. बंब आमच्याकडे असता तर पाहिलं असतं. नवऱ्याला ऐकवलं, दिरांना ऐकवलं, एकदा तर फोनवर सासूबाईंनाही ऐकवलं.

नवरा दर रविवारी मोटरसायकलवर आईला भेटायला जायचा. पेट्रोल वाढल्यावर तेही बंद झालं. शेवटी मीच निघाले. सकाळी सासूबाईंच्या पलंगावर धुतलेली चादर घातली आणि नवऱ्याला बजावलं, "संध्याकाळच्या गाडीने आईंना घेऊन येते. त्यांच्यासाठी बादली भरून पाणी तापवून ठेवा. आज गॅस किती जळतो ते बघू नका."

रोह्याला पोचले तर बंब ओटीवर. चिंचेने घासून लखलखीत केलेला, आतली राख काढलेली. मला हिणवायलाच घासला असणार, असं माझ्या मनात आलंच. सासूबाई उन्हात बसल्या होत्या आणि जाऊ त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळत होती.

"चला आई, पिशवी भरा," मी म्हटलं.

त्यांनी बंबाकडे बोट केलं. "त्यो घेऊन जा गो. तुजा जीव हाय त्यात, आमाला कलत नाय व्हय? हिलाच बोलले, घास नि दे तिला."

"मग तुमच्या अंघोळीचं काय?"

"चुलीवर तापवीन ना, वहिनी," जाऊ म्हणाली. "त्यात काय एवढं."

"माजा काय," सासूबाई म्हणाल्या, "चुलीवरचा पाणी पन चालल. मी हितंच बरी हाय."

म्हणजे बंबासाठी त्या तिथे राहिलेल्याच नव्हत्या. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं, की आई, मला बंब नको, तुम्ही चला. पण जाऊ समोर होती आणि तिचे हात त्यांच्या गुडघ्यांवर होते. मी चहा प्यायले आणि "बरं" म्हटलं.

दिरांनी बंब गाडीत चढवून दिला. तो पायांत धरून मी बसले. कासू स्टेशनला एक बाई चढली, समोर बसली आणि बंबावरून तिची नजर हलेना. "नशीब काढलास गो," ती म्हणाली. "आता तुला गॅस नको नि काय नको." तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी चांगलंच ओळखत होते.

पेणला रिक्षावाल्याने बंब जिन्यावरून वर आणून दिला. नवऱ्याने दार उघडलं, बंबाकडे पाहिलं, मग माझ्या मागे जिन्याकडे पाहिलं.

"आई?"

"नाही आल्या."

त्याने बंब आत ओढून घेतला. मग म्हणाला, "पाणी तापवून ठेवलंय. बादली भरून."

न्हाणीघरात वाफ कोंडली होती. दार लावून मी त्याच पाण्याने अंघोळ केली आणि तोंडावर पाणी घेत पोटभर रडले. गॅस इतका महाग झालाय, पाणी वाया कसं घालवायचं.