वेस आली की उतरायचं

हल्लीच्या पोरी नवऱ्याच्या मागं गाडीवर बसून, त्याच्या कमरेला मिठी मारून भर बाजारपेठेतून भुंगाट जातात आणि मी ओट्यावरून बघत बसते. नावं ठेवत नाही हो, हेवा वाटतो. खोटं कशाला बोलू? आमच्या वेळी नवऱ्याच्या सायकलवर बसायलाच छाती लागायची, आणि बसलं तरी गावाची वेस आली की उतरायचं. पदर डोक्यावर घ्यायचा, नवरा सायकल हातात धरून पुढं आणि आपण चार पावलं मागं, असं सगळं गाव पार करायचं. गाव सरलं की परत कॅरिअरवर. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. असल्या गोष्टी बाईला शिकवाव्या लागत नाहीत.

माझं सासर कऱ्हाडजवळ आणि माहेर कोयनेच्या खोऱ्यात, हेळवाकाच्याही वर, पार आत. आमचे हे लग्नाआधी सांगलीत एका हळदीच्या व्यापाऱ्याकडं कामाला होते. तिथली नोकरी सोडून घरी आले ते एक जुनी सायकल घेऊन, तीच चालवत. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "त्यापरीस बैल आणला असतास तर शेण तरी मिळालं असतं."

पण त्या सायकलनं मला नवरा मिळवून दिला. लग्न होऊन वर्ष झालं तरी आम्ही एकमेकांशी धड बोललो नव्हतो. घरात पंधरावीस माणसं, मोठ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, आणि हे तर मुलखाचे घुमे. पहिल्यांदा सायकलवरून माहेरी निघालो तेव्हा गाव मागं पडल्यावर यांचं तोंड जे सुटलं, ते पाटण येईपर्यंत मिटलंच नाही. मी मागं थक्क! म्हटलं, हा माणूस इतके दिवस कुठं होता?

लढाईचे दिवस. पेट्रोल मिळत नव्हतं. दिवसाकाठी एखादी कोळशावरची मोटार खोकत यायची, आणि चढ आला की आतले पाशिंजर खाली उतरून तिला ढकलायचे. बाकी सगळा रस्ता आमच्या बापाचा. पाटण सोडलं की दोन्ही अंगांनी डोंगर जवळ यायला लागायचे. कोयना कधी रस्त्याला चिकटून, कधी झाडांच्या मागं नुसती ऐकू यायची. हेळवाकापासून वर गाडीवाटच होती, पण काय वाट! ऐन, जांभळी, हिरडे वर एकमेकांत गुंतलेले, भर दुपारी सावली. फांदीवरून शेकरू झेप टाकायचं. ओढ्याच्या काठी खडकावर बसून आम्ही भाकरी आणि खर्डा खायचो, आणि एकाच फडक्यातून खायचो. घरी असं केलं असतं तर महाभारत झालं असतं.

त्याच वाटेवर यांनी मला सायकल शिकवली. "हितं कोण बघाय हाय? पड खुशाल," म्हणाले. मीही आज्ञाधारक, करवंदीच्या जाळीत जाऊन पडले. हे काटे काढायचे सोडून पोट धरून हसत बसले. पण नऊवारीचा काष्टा घट्ट मारला की सायकलची दांडी आडवी येत नाही, हे मला तिथंच कळलं. पुढं पुढं आम्ही आळीपाळीनं चालवायचो. गाव जवळ आलं की मी उतरून मागं, हे पुढं. जगाला काय कळतंय!

मग हे पलटणीत भरती झाले. आमच्याकडं ते नवल नव्हतं, घराघरातला एक जायचाच. लढाई संपल्यावर ब्रह्मदेशातून परत आले ते उजवा हात गमावून. म्हणजे हात होता, पण कोपराला गोळी लागलेली, खाली सगळा लुळा. आल्यावर काही दिवसांनी एका हातानं सायकल चालवायला गेले आणि चावडीसमोर, भरल्या माणसांत, तोंडावर आपटले. कुणीतरी फिदीफिदी हसलं. हे उठले, सायकल गोठ्यात नेऊन भिंतीला लावली, आणि घराबाहेर पडणंच सोडलं. शेतात नाही, पारावर नाही. बोलणंही गेलं. मला हाताचं तेवढं दुःख नव्हतं, देवाशपथ सांगते. माझा रस्त्यावरचा बोलका माणूस परत आला नव्हता, ते दुःख होतं.

चैत्रात माहेरी जत्रा असायची. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगावा धाडला की जावयाला घेऊनच या. मी गोठ्यात जाऊन सायकल पुसली, हवा भरली. टायर तर मागंच ठिगळ लावून शिवलेला होता. हे दारात येऊन उभे राहिले.

"काय चाललंय?"

"जत्रंला जायचं. मी चालवते, तुमी मागं बसा."

"बायकूच्या मागं बसून सासुरवाडीला जाऊ व्हय? लोक तोंडात शेण घालतील."

"मग चालत या. मी चालले."

आत्याबाई गवऱ्या रचत होत्या. मला वाटलं, आता माझा उद्धार होणार. त्या वळूनही न बघता लेकाला म्हणाल्या, "जा की रं. घरात बसून काय अंडी उबवतोस?"

तांबडं फुटायच्या आत निघालो, कुणी बघू नये म्हणून. वाटेत प्रत्येक गावाच्या वेशीला दोघंही उतरायचो. हे डाव्या हातानं हँडल धरून पुढं, मी मागं. बघणाऱ्याला वाटावं, हेच चालवत आलेत. गाव सरलं की मी पुढं, हे मागं. चढाला दोघं मिळून ढकलायचो. पाटण आलं, हेळवाक मागं पडलं, तरी या माणसाच्या तोंडून शब्द नाही. माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि राग तर असा आला होता की सायकल नदीत घालावी.

आत जंगलात शिरलो. कुसुंबाला नवी लालभडक पालवी फुटली होती. मागून आवाज आला, "डाव्या अंगानं घे. म्होरं खड्डा हाय."

मी डावीकडून घेतली.

"आजून येडंवाकडंच चालवतीस."

"शिकवणाराच तसला."

हे हसले. नाकातून का होईना, हसले. मग हळूहळू बोलायला लागले. म्हणाले, तिकडंही रान असंच होतं, ओलं, दाट. गोळी लागल्यावर कुणी उचलायला येईपर्यंत झाडाखाली पडून होतो, तेव्हा डोळे मिटून हीच वाट चाललो. पाटणपास्नं निघालो, एकेक ओढा, एकेक वळण. "पर गावापतुर कवा पोचलोच न्हाई बघ. दर डाव वेशीपाशी यायचो आन शुद्ध जायची." डोळ्यांसमोरची वाट धूसर झाली होती, पण मागं वळले नाही आणि पाय थांबवले नाहीत. थांबले असते तर हे पुन्हा मुके झाले असते.

माहेरच्या वेशीवर आंब्याचं मोठं झाड होतं. पलीकडं देवळासमोर सगळं गाव जमलेलं, ढोल वाजत होता. सवयीनं मी ब्रेक दाबला, पाय खाली टेकवला.

"का थांबलीस?"

"गाव आलं की."

हे उतरले नाहीत. मग म्हणाले, "मग घंटी वाजव. माणसं हायत वाटंत."

मी घंटी वाजवली. अख्ख्या गावानं वळून बघितलं. ढोलवालाही थांबला. एक जण ओरडला, "पाव्हणं, उलटी वरात म्हणायची ही!"

"व्हय की," मागून हे तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले. "तुमची बायकू नेती का बघा इचारून."

हशा पिकला, पण तो चावडीसमोरच्यासारखा नव्हता. आबा गर्दीतून पुढं आले आणि गाडी आल्यावर बैलाची वेसण धरावी तसं त्यांनी सायकलचं हँडल धरलं. जावयाला म्हणाले, "या." मग माझ्याकडं बघून, "आन ह्यो गाडीवान कुठला?" आईनं आमच्या दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि रडत रडत मला शिव्या घातल्या.

त्यानंतर हे माझ्या मागं बसून बाजार, कचेरी, सोयऱ्यांची लग्नं, सगळीकडं हिंडले. मग कोयनेवर धरण झालं. माहेरची माणसं लांब नेऊन वसवली, आणि गाव, देऊळ, आंबा, हेळवाकाच्या वरची आमची सगळी वाट पाण्याखाली गेली.

हे गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी लाँचमधून त्या पाण्यावरून गेले. डोंगराच्या सोंडा ओळखीच्या होत्या, त्यांच्यावरून अंदाज बांधत होते. वेशीवरचा आंबा इथंच खाली असावा असं वाटलं तिथं मी उठून लाँचच्या काठाला वाकले, तसा लाँचवाला घाबरून ओरडला, "आज्जी, बसा खाली! हितं काय उतरायचं हाय व्हय?"

"न्हाई रं बाबा," मी म्हटलं. "हितं मी तवाबी उतरले न्हवते."