कागदी लंगोट आणि आमचा उंबरा

दादा उंबऱ्यात उभा होता, बाहेर आला नाही. माझा थोरला भाऊ. एका नांगरामागं आम्ही दोघांनी जन्म काढला आणि मी घर सोडून निघालो तेव्हा हा फाट्यापर्यंत सोडायला येत नाही, म्हणजे बघा. खळ्यात वाडीतली चार माणसं जमली होती. त्यांच्या देखत म्हणाला, "जा. पोरीचे लंगोट धुवायला चाल्लास, जा."

मी ट्रंक खाली ठेवली. म्हटलं, "हा हात नांगराचा आहे. लंगोटाला लागायचा नाही."

"आणि लागला तर?"

"लागला तर ह्या उंबऱ्याच्या आत पाय टाकणार नाही."

ट्रंक उचलली. मी चालू लागलो. वहिनी मागून पळत आली आणि एक बोचकं माझ्या काखेत कोंबलं. तिची जुनी लुगडी फाडून केलेले लंगोट होते. म्हणाली, "घेऊन जावा भावोजी. धुवील कोणीतरी."

गावात राहिलेल्यांना एवढं ठाऊक आहे. जे मुंबईला, रत्नागिरीला गेले त्यांनी पुढचं अर्धंच ऐकलं आणि हसले. म्हणून लिहितो. मी तिसरी यत्ता शिकलेला. अक्षर वाकडं असेल, सांगणं सरळ आहे.

मंडळी वारल्यावर मी दादाच्याच चुलीवर जेवत होतो. माझा मुलगा वसंत रत्नागिरीत वीज कचेरीत, सून सुलभा शाळेत मास्तरीण. त्यांना मुलगी झाली. सुलभाची रजा संपत आली आणि पोर सांभाळायला माणूस मिळेना. वसंत गावी येऊन म्हणाला, "बाबा, तुम्ही आलात तर तिची नोकरी टिकेल." मुलानं मागितलं, मी नाही कसं म्हणणार? संगमेश्वरला एसटी बदलली आणि दुपारी रत्नागिरीत उतरलो.

दोन खोल्या, त्याही भाड्याच्या, घरमालकिणीच्या मागच्या अंगाला. तिला सगळे माई म्हणत. मधे विहीर, भोवती तिचे नारळ. गावात मी घराबाहेर पडलो की डोंगरापर्यंत आमची जमीन. इथं नारळ पायाशी पडला तरी तो दुसऱ्याचा. बोलायला माणूस नाही. दिवसभर मी आणि चार महिन्यांची पोर, एकमेकांकडं बघत.

लंगोटाचा प्रश्न मात्र सुटला होता. सुलभाचा भाऊ दाभोळचा, मोठ्या बोटीवर कामाला. त्यानं परदेशातून एक भलं मोठं खोकं आणलं. आत पांढरेशुभ्र तयार लंगोट, आतून कापसासारखे, बाहेरून गुळगुळीत. सुलभा म्हणाली, "बाबा, हे धुवायचे नाहीत. कागदी असतात. वापरले की टाकायचे." मी मनात म्हटलं, देव पावला. धुणंच नाही म्हणजे माझा शब्द राहिला. वहिनीचं बोचकं मी खाटेखाली ढकललं.

टाकायचे, पण कुठं, ते कोणी बोललं नाही. नाक्यावरच्या कचराकुंडीत टाकले तर कुत्री ओढून रस्त्यात आणतात. मग आपण गावात जे करतो ते मी केलं. मासळीची पोटं, राख, खरकटं, सगळं नारळाच्या आळ्यात जातं आणि नारळ धरतो. कागद आहे, कुजेल. माई दुपारी आडवी झाली की मी आळ्यात खड्डा करायचो, पुरायचो, वर माती, वर वाळल्या पानांचा पातेरा. मनात म्हणायचो, माईचे नारळ यंदा बघा कसे लागतात ते.

पाऊस लागून राहिला. तशात पोर रडायला लागली. एका संध्याकाळी सुलभानं तिचा लंगोट सोडला आणि तशीच बसली. मांड्या लालभडक, कातडं निघायला आलेलं.

"बाबा, हा कधी बांधला होता?"

"सकाळी. भिजला नव्हता."

"वरून कळत नाही हो बाबा."

तिनं आवाज चढवला नाही, त्याचाच त्रास झाला. डॉक्टर म्हणाला, हे बंद करा, जुनं सुती कापड वापरा, ओलं झालं की लगेच बदला. धुणंवाली बाई म्हणाली, पावसापाण्यात पोराचं धुणं मी घेणार नाही. रात्रीचं सुलभा धुवायची. दिवसाचं कोण धुणार? वसंत माझ्याकडं बघेना. मी आढ्याकडं बघत होतो. शेवटी सुलभाच म्हणाली, "मी नोकरी सोडते."   खाटेखालचं बोचकं मला दिसत होतं, तिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माईची हाक आली.

"वसंताचे बाबा, बाहेर या! तुमचं पीक वर आलंय!"

रात्रभर पाऊस ओतला होता. आळी भरून वाहत होती आणि त्यातून माझे लंगोट वर आले होते, फुगून उशीएवढे. दोन-तीन तर वाहत विहिरीच्या कठड्यापर्यंत पोचलेले. माई हातात घागर घेऊन उभी.

"नारळाला खत घालतात ठाऊक होतं. ह्याला काय आता पोरं लागायची?"

शेजारच्या बायका हसल्या. माई हसली नाही. "हे विहिरीत गेलं असतं म्हणजे? चार घरं पितात हे पाणी. वसंता, दुसरी खोली बघ."

वसंत छत्री न उघडता तसाच उभा. माझा मुलगा, आणि माझ्यापायी मान खाली. त्याला आणि सुलभाला मी कामावर धाडलं. म्हटलं, जा, मी बघतो. मग फावडं घेतलं आणि पोर झोपली होती तोवर सगळी आळी उकरली. एकसुद्धा कुजला नव्हता. त्याच आळ्यात माईनं घातलेल्या मासळीचा काटासुद्धा उरला नव्हता, आणि हे जसेच्या तसे. कागद म्हणाले म्हणून मी पुरले; कागद नव्हताच तो. पावसात उभा राहून मनाशी म्हटलं, जे माती घेत नाही ते आपण पोरीच्या अंगाला गुंडाळतो.

पोर उठली, रडली. मी बोचकं ओढलं. वहिनीचं लुगडं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. बांधलं. घटकाभरात भिजलं. दुसरं बांधलं. तेही भिजलं. आता पुढं काय ते मला ठाऊक होतं आणि दादाचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना. तो उंबराही.

बादली उचलली आणि विहिरीवर गेलो.

माई कठड्याला टेकून बघत होती. मी दगडावर लंगोट आपटला.

"असं नव्हे. आधी खळबळा, मग रिठ्याचं पाणी. नांगर धरलाय काय?"

"मला शिकवू नका."

"मग बरोबर धुवा."

धुतले. पिळले. ऊन तर नव्हतंच. शेगडीत निखारे घातले, त्यावर बांबूची टोपली पालथी घातली आणि लंगोट तिच्यावर पसरले. सुलभा शाळेतून आली तेव्हा खोलीत धुराचा वास होता आणि पोर झोपलेली. तिनं टोपलीकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नोकरी सोडायचं न काढता पिशवी उचलून शाळेत गेली. दुसऱ्या खोलीचं माई पुन्हा बोलली नाही.

शिमग्याला पोरीला घेऊन आम्ही गावी गेलो. सगळे आत गेले. मी खळ्यातल्या दगडावर बसलो.

दादा बाहेर आला. "आत ये."

"नाही. हात लागला."

"बस झालं आता."

"शब्द होता."

दादा आत जाऊन पोरीला घेऊन आला, ओटीवर मांडीवर घेऊन बसला. तिनं त्याचं धोतर भिजवलं. वहिनी दारातून खळखळून हसली. सुलभा लगबगीनं पुढं झाली तर दादा म्हणाला, "थांब." लंगोट त्यानं सोडला, पोर तिच्याकडं दिली आणि खाली पाणंदीनं ओढ्यावर गेला. वाडीतली माणसं बघत होती. परत आला तो कोपरांवरून पाणी गळतंय, हातात पिळलेला लंगोट. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, उंबऱ्याकडं तोंड करून.

"आता माझापण लागला," म्हणाला. "पालखी खालच्या वाडीत आलीय. दोघं बाहेर बसलो तर तिला घरात कोण घेणार?"

मी म्हटलं, "आधी तू."

"शब्द तुझा. आधी तू."

ढोल जवळ येत होता. शेवटी दोघांनी एकदम पाय टाकला. दार अरुंद, खांद्याला खांदा अडकला, जोताच्या बैलांसारखा. तो लंगोट वहिनीनं चुलीवरच्या दांडीवर वाळत घातला.

आता पोर पाटीवर अक्षरं काढते. मी अजून रत्नागिरीतच आहे, माईच्या नारळांची आळीही मीच करतो. ह्या खोलीला उंबरा नाही, सिमेंटची पट्टी आहे. पोरीनं मध्यंतरी विचारलं, आबा, आपलं खरं घर कुठलं, इथलं की गावचं? मला पूर्वी पटकन सांगता आलं असतं. आता सांगतो, जिथं माझा हात लागला ते. मग तिला दोन्हीकडं नेऊन दाखवतो, विहिरीवरचा तो दगड आणि चुलीवरची दांडी.