दिवाणावरचा बळी

नाताळच्या केकचा वास आला की दर्पण कॉलनीतला आमचा दिवाण आठवतो. मी लहान असताना एका नाताळला तत्त्वज्ञान शिकवणारे बाबा आणि केक घेऊन आलेले शेजारचे मनोविकारतज्ज्ञ तावातावाने भांडत होते. बायबलमधला अब्राहाम देवाच्या शब्दाखातर पोटच्या पोराचा बळी द्यायला निघालाच कसा? त्या पोराच्या जागी मला दिवाणावर निजवलं होतं. केकची सुरी उगारून बाबा म्हणाले, “ही श्रद्धा!”

“नहीं साहब, ये हर बाप के मन का ग़ुस्सा है,” डॉक्टर म्हणाले.

आईने बाबांच्या हातातून सुरी काढून घेतली. “केक कापायचाय. आणि त्या पोराच्या आईला विचारलं होतं का कुणी?”

पहिला तुकडा बळीला मिळाला.

तेव्हा वाटलं, आईला विषयच कळला नाही. आता मी तोच विषय शिकवते. आईच्या प्रश्नापुढे अजून सरकलेली नाही.